तळमजल्यावरचे आरोग्य

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. तिच्या धक्क्यातून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती वसल्या. तीन-चार मजली इमारती, दोन इमारतींमध्ये हवेला वाट, रस्त्याकडेला झाडे आणि पायी गाठता येतील अशी दुकाने, शाळा, मैदाने. साथरोगावरचा उपाय म्हणून आखलेली ही रचना चालण्यासाठीही सोयीची ठरली.

आज धोका वेगळा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सुचवते. भरभर चालणे हा त्यातला सर्वांत स्वस्त प्रकार. पण डॉक्टरांनी ‘रोज चाला’ म्हटले, तरी चालायचे कुठे?

पुनर्विकासात जुन्या इमारतींच्या जागी टॉवर येत आहेत. अनेक ठिकाणी खालचे मजले पार्किंगला जातात, रस्त्याकडे कोरी भिंत उरते आणि गाड्यांच्या उतारांनी फुटपाथ जागोजागी तुटतो. दुकान नाही, वर्दळ नाही. अशा रस्त्यावरून संध्याकाळी एकट्या बाईला जावेसे वाटत नाही. डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल यांच्या मते पाचव्या मजल्यापर्यंतच माणसाचे रस्त्याशी नाते टिकते.

घरांची गरज मोठी आहे, हे खरेच. मात्र दाट वस्ती म्हणजे टॉवरच, असे नाही. बार्सिलोनातील एइशाम्पला हा भाग मध्यम उंचीच्या सलग इमारतींचा आहे, तरीही युरोपातील दाट वस्त्यांत त्याची गणना होते. तिथे तळाशी दुकाने आहेत, समोर रुंद पदपथ. आणि टॉवरच बांधायचा असेल, तर त्याचा तळमजला तरी रस्त्याकडे उघडा ठेवता येतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर उंचीची कड सांगितली आहे. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी हे आकडे महत्त्वाचे आहेत. उंच कडेवरून तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले, तर अनेकांचे स्वावलंबी जगणे तिथेच संपते.

सोसायटीच्या सभेत कार्पेट एरिया, कॉर्पस फंड आणि पार्किंगवर तासन्‌तास चर्चा होते. फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावर काय असेल, हा प्रश्नही त्याच सभेत, करारावर सह्या होण्याआधी विचारायला हवा.