प्रलयाची हूल

१० सप्टेंबर २००८ रोजी जिनिव्हाजवळील महाकाय कणप्रवेगक सुरू होताच पृथ्वी कृष्णविवरात गडप होणार, अशी हूल काही वाहिन्यांनी उठविली. मध्य प्रदेशातील एका भयभीत मुलीने त्यापायी जीव दिला. त्याच राज्यातील इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात त्या यंत्राच्या चुंबकांचे आधार आखले गेले होते, हा केवढा दैवदुर्विलास!

त्याहून प्रबळ टकरी विश्वकिरण आपल्या वातावरणात अब्जावधी वर्षे घडवीत आले आहेत. आइन्स्टाइनने न्यूटनला मोडीत काढले नाही. त्याच्या नियमांची मर्यादा दाखविली. विज्ञान असे स्वतःला सुधारीत पुढे जाते. १९६२ च्या अष्टग्रहीचा प्रलय हुकला, तरी भविष्यवाले काही शिकले नाहीत. चूक कबूल न करणारे ते विज्ञान नव्हे, हे मुलांना वेळीच सांगणे आपले कर्तव्य आहे.