‘थंड हवेचं ठिकाण’ हा शब्द खोडायला हवा

मराठीतला एक शब्दप्रयोग खोडून टाकावा असं मला वाटतं: ‘थंड हवेचं ठिकाण’. भूगोलाच्या पुस्तकापासून सहलींच्या जाहिरातींपर्यंत तो सगळीकडे आहे. भाषांतर हाच माझा व्यवसाय असल्यामुळे शब्द उलटसुलट करून बघायची सवय आहे. या शब्दप्रयोगात ठिकाण आहे, हवा आहे, गारवा आहे. माणूस मात्र नाही.

गेल्या मे महिन्यात आईला घेऊन मी दार्जिलिंगला गेले. बंगळुरूहून बागडोगऱ्यापर्यंत विमान. बहात्तराव्या वर्षी आईचा हा पहिला विमानप्रवास. सुरक्षेच्या सूचना इंग्रजी-हिंदीत सुरू झाल्या तशी ती माझ्या कानाशी लागली, “काय म्हणते गं ती?” मी पट्ट्यापुरतं भाषांतर केलं आणि बाकीचं सोडून दिलं. खिडकीशी एक पंचविशीतली मुलगी होती. बंगळुरूत नोकरी करणारी, दार्जिलिंगला घरी निघालेली. बोलता बोलता मी म्हणून गेले, “आपकी हिंदी बहुत अच्छी है.” ती शांतपणे म्हणाली, “आपकी भी.”

मला घाम फुटला. तिची भाषा नेपाळी. 1992 पासून ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आहे. माझी मराठीही त्याच यादीत. तौलनिक साहित्यात एम.ए. करताना ही यादी मी तोंडपाठ केली होती. तरीही आपल्याच देशात आपल्या घरी निघालेल्या मुलीला मी परकी ठरवून शाबासकी दिली. कारण माझ्या डोक्यात दार्जिलिंग म्हणजे चहा, कांचनगंगा आणि गार हवा. तिथून कुणी विमानात बसून कामाला येतं, सुट्टीत परत जातं, हे त्या चित्रात नव्हतंच.

मग तीच हसत सांगू लागली. आईचा फोन आला होता: केस बंगळुरूतच धुऊन ये, मे महिन्यात घरी पाणी नसतं.

हॉटेलात चोवीस तास गरम पाणी होतं. सकाळी खाली टँकर लागला, त्याचा जाड पाइप हॉटेलच्या टाकीत सोडलेला. पलीकडच्या वळणावर बायका-मुलं प्लॅस्टिकचे कॅन घेऊन रांगेत. आईनं खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, “हे तर आपलं लातूर.” 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ती लातुरातच होती. तिला त्या रांगेचं भाषांतर लागलं नाही. त्या दिवसापासून तिची आंघोळ अर्ध्या बादलीत. मी मात्र आदल्या रात्री शॉवरखाली बराच वेळ उभी होते.

दार्जिलिंगला पाणी येतं ते मुख्यतः इंग्रजांच्या काळातल्या सेंचलच्या तळ्यांतून. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती एक लाख अठरा हजारांवर होती. त्यावर पाहुणे आपण, तेही नेमके पावसाआधीच्या कोरड्या दिवसांत. ज्याच्याकडे टँकरचे पैसे, त्याच्या नळाला पाणी.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आम्ही पैसे मोजतो, पर्यटनावरच तर त्यांचं पोट चालतं. पोट चालतं हे खरंच. पण त्या उन्हाळ्यात लातुरात कुणी सुट्टी घालवायला आलं असतं, टँकर विकत घेऊन मनसोक्त अंघोळी केल्या असत्या आणि वर ‘तुमचाच धंदा होतोय’ म्हणाला असता, तर आपण त्याला काय म्हटलं असतं?

आणि हा विचार आपला नवाही नाही. 1835 साली सिक्कीमच्या राजाकडून कंपनी सरकारनं दार्जिलिंग घेतलं, त्या दानपत्रात कारण लिहिलेलं आहे: तिथली थंड हवा. आजारी सरकारी नोकरांना तिचा लाभ व्हावा म्हणून. म्हणजे ‘थंड हवेचं ठिकाण’ हा शब्दप्रयोग निरागस नाही. जमीन घेणाऱ्यानं सांगितलेलं कारणच आपण नाव म्हणून वापरतो. साहेब गेला, त्याच्या जागी आपण जाऊन बसलो. फरक इतकाच, की आपण सोबत आपला स्वयंपाकी नेतो आणि डोंगरावर पुरणपोळी मिळाली म्हणून खूश होतो.

जाऊ नका, असं मी म्हणत नाही. आईला विमानात बसवण्याचा आनंद मला कुणी नाकारला तर मी भांडेन. पण खोली घेण्याआधी ‘पाणी कुठून येतं?’ हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. बादली मागता येते. मे सोडून दुसरा महिना निवडता येतो. पाहुणचार हवा असेल तर पाहुण्याची रीत पाळावी लागते.

दुसरा आरोप माझ्यावर आणि माझ्या व्यवसायबंधूंवर. दार्जिलिंगच्या माणसांवर इंद्रबहादुर राई यांनी 1964 मध्ये ‘आज रमिता छ’ ही कादंबरी लिहिली. 2017 मध्ये ती इंग्रजीत आली, तेव्हा मी वाचली. मुळातून नाही, कारण नेपाळी मला येत नाही. शेजारच्या भाषा दिल्लीच्या किंवा लंडनच्या वाटेनं आपल्याकडे येईपर्यंत आपण थांबतो, आणि मग विमानात शेजारी बसलेल्या मुलीला हिंदीचं प्रशस्तिपत्र देतो.

चौरस्त्यावर भानुभक्त आचार्यांचा पुतळा आहे. लोक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत होते. आईनं विचारलं, “हे कोण?” म्हटलं, “यांनी रामायण नेपाळीत आणलं.” तिनं चप्पल काढून हात जोडले. “म्हणजे हे त्यांचे एकनाथ.”

एवढी ओळख पटायला माझी पदवी लागली नव्हती. या वर्षी मी नेपाळी शिकायला घेतली आहे. उन्हाळ्यात कुठे जाणार, असं कुणी विचारलं तर दार्जिलिंग म्हणेन, पण पावसाळा सरल्यावर. आणि त्याला थंड हवेचं ठिकाण म्हणणार नाही. त्याला स्वतःचं नाव आहे.