शब्दांचें मर्म : ‘रॅशनल’ आणि ‘रीझनेबल’

माझा पुतण्या नुकताच अर्थशास्त्राची पदवी घेऊन घरीं आला. आल्याबरोबर त्यानें घरखर्चाच्या वह्या चाळून माणशीं खर्चाचा एक तक्ता सिद्ध केला व रात्रीं सर्व मंडळी पानांवर बसलीं असतां तो वाचून दाखविला. दुधाच्या रकान्याशीं येतांच तो माझ्या थोरल्या भगिनीकडे वळून म्हणाला, “आत्या, राग मानूं नकोस, पण घरांत सर्वांत जास्त दूध तुझ्या वांट्याला जातें. मी आपला एक रीझनेबल मुद्दा मांडतों आहें.”

हिशेब बिनचूक होता. बोलणेंहि गोड होतें. परंतु दुसऱ्या दिवशीं आक्कांनीं दुधाचा पेला परत पाठविला. वैधव्य आल्यापासून तीस वर्षें त्यांनीं या घराचा स्वयंपाक सांभाळला, त्याला मात्र तक्त्यांत रकाना नव्हता.

पुतण्याला बोलावून मीं म्हटलें, “बाबा, तुझा मुद्दा ‘रॅशनल’ होता, ‘रीझनेबल’ नव्हता.” तो म्हणाला, “काका, दोन्ही शब्द एकच नव्हेत काय?” पुष्कळ सुशिक्षितांचा हाच समज असल्यामुळें या महिन्यांत त्याच प्रश्नाचा विचार करूं.

दोन्ही शब्दांचें मूळ एकच, यांत शंका नाहीं. लॅटिन भाषेंतील ‘रेशिओ’ या शब्दाचा अर्थ गणना, हिशेब. त्यावरून पुढें विचारशक्ति. त्याच मुळापासून ‘रेशन’, म्हणजे मोजून दिलेला वांटा, हा शब्दहि निघाला. परंतु व्यवहारांत या भावंडांचे मार्ग निराळे झाले. आपलें साध्य ठरवून त्याला जुळेल असा चोख हिशेब करणारा मनुष्य ‘रॅशनल’ होय. त्या हिशेबांत दुसऱ्याच्या बऱ्यावाईटालाहि जो जागा देतो, तो ‘रीझनेबल’.

हा भेद इंग्लंडांतील एका खटल्यांत उत्तम दिसून येतो. १८३७ सालीं निकालांत निघालेल्या या खटल्यांतील मेन्लव्ह नांवाच्या गृहस्थानें वाळलेल्या गवताची गंजी आपल्या हद्दीच्या कडेला रचिली होती. पलीकडे व्हॉन नांवाच्या शेजाऱ्याचीं घरें होतीं. गंजी आंतून तापून पेटेल, अशी सूचना त्याला वारंवार मिळाली. परंतु त्याच्या मालाचा विमा उतरलेला होता. तेव्हां होईल तें होवो, असें म्हणून त्यानें गंजी हलविली नाहीं. गंजी पेटली व शेजाऱ्याचीं घरें जळालीं. मीं आपल्या बुद्धीप्रमाणें प्रामाणिकपणें वागलों, हा त्याचा बचाव न्यायालयानें मानला नाहीं. ज्याच्या त्याच्या बुद्धीचें माप चालणार नाहीं. सामान्य शहाणा मनुष्य जितकी सावधगिरी घेतो, तितकी घेतलीच पाहिजे, असा निर्णय झाला. इंग्रजी कायद्यांतील प्रसिद्ध ‘रीझनेबल’ मनुष्याची ही एक आरंभींची ओळख होय. मेन्लव्हचा हिशेब त्याच्यापुरता जुळत होता. शेजाऱ्याचें छप्पर तेवढें त्यांत आलें नव्हतें.

शिष्टाचाराच्या शब्दांतहि असाच भेद आहे. ‘पोलाइट’ याचें मूळ घासून गुळगुळीत करणें, झिलई देणें. ‘मॅनर’ याचें मूळ मात्र हात या अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे; म्हणजे वस्तु कशी हाताळावी, ती रीत. “राग मानूं नकोस” ही झिलई झाली. परंतु ज्या माणसाविषयीं बोलावयाचें, त्याला चारचौघांत हाताळावें कसें, हें ‘मॅनर्स’चें काम होय.

आतां आपल्या भाषेकडे वळूं. ‘रीझनेबल’ याला मराठींत उत्तम शब्द आहे, तो ‘वाजवी’. १९५० सालीं अमलांत आलेल्या आपल्या संविधानांत स्वातंत्र्यावर जे ‘रीझनेबल’ निर्बंध सांगितले आहेत, त्यांना मराठींत ‘वाजवी निर्बंध’च म्हणतात. हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारें आपल्याकडे आला. मूळ ‘वाजिब’ याचा अर्थ अवश्य करावयाचें, कर्तव्य. ‘विवेक’ हा संस्कृत शब्द निवडणें, वेगळें करणें या अर्थाच्या धातूपासून झाला आहे. तेव्हां काय मोजावें व काय मोजूं नये, हें निवडतो तो विवेक. आणि ज्याचें देणें लागतों त्याला तें देतो तो वाजवीपणा. नुसत्या हिशेबाला मराठींत ‘हिशेबी’ म्हणतात, आणि तो शब्द आपण स्तुतीसाठीं फारसा वापरीत नाहीं!

पुतण्यानें सर्व ऐकून घेतलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो स्वतः पेला घेऊन आक्कांकडे गेला. “हा तुझ्या तक्त्यांत धरलास का रे?” असें विचारून त्या हंसल्या व त्यांनीं पेला घेतला. अर्धा पेला मात्र अजून रोज परत येतो.