फायबरचा डॉल्फिन आणि तात्यांची जाळी

बंदीचे दिवस आहेत. होड्या वर ओढून झापांनी शाकारल्यात आणि बंदरावरच्या शेडमध्ये जाळी तुणायचं काम चालू आहे. त्या शेडपासून हाकेच्या अंतरावर आपला सेल्फी पॉइंट. फायबरचा डॉल्फिन, शेपटी तुटलेली, निळा रंग उडालेला. दोन पावसाळेही धड टिकला नाही. उद्घाटनाची बातमी मीच केली होती, 'सौंदर्यात भर' असं लिहून. त्यामुळे आज बोलायचा थोडा हक्क आहे आणि थोडी लाजही.

'फायबर' म्हटलं की आपल्याला साच्यातून काढलेला पुतळाच आठवतो. पण फायबर म्हणजे मुळात धागा. आणि धाग्याचं शिल्प कसं होतं, हे एका बाईला आपल्याच देशातल्या मच्छिमारांनी दाखवलं.

जॅनेट एकेलमन या अमेरिकन चित्रकार 1997 साली तामिळनाडूत महाबलीपुरमला आल्या. प्रदर्शन भरवायचं होतं, पण पाठवलेले रंग पोचलेच नाहीत. ब्राँझचं ओतकाम करून पाहिलं, ते जड आणि महाग. एका संध्याकाळी किनाऱ्यावर कोळ्यांनी रचलेले जाळ्यांचे ढीग दिसले. वजन नाही, पण आकार आहे! मग तिथल्याच कोळ्यांना हाताशी घेऊन त्यांनी पहिली शिल्पं केली. वाऱ्यावर हलणारी.

पुढे 2005 मध्ये पोर्तुगालात पोर्तोजवळ, अटलांटिकच्या वाऱ्यात, त्यांचं प्रचंड जाळं उभं राहिलं. 2010 मध्ये चिलीत भूकंप झाला, त्सुनामी आली, पृथ्वीचा दिवस 1.26 मायक्रोसेकंदांनी कमी झाल्याचं गणित शास्त्रज्ञांनी मांडलं. एकेलमन यांनी त्सुनामीच्या आकडेवारीवरून जाळ्याचा आकार काढला आणि अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात टांगला. नाव '1.26'. 2015 मध्ये बोस्टनला रस्त्यांवर टांगलेल्या शिल्पात 100 मैलांहून जास्त दोर आणि पाच लाखांवर गाठी होत्या.

यात तंत्रज्ञान कुठे? धागा वजनाच्या मानाने पोलादाच्या 15 पट मजबूत. वारा किती, ताण कुठे, हे संगणकावर आधी तपासतात. बऱ्याच गाठी यंत्र मारतं. पण दोर सांधायचं काम आजही हाताने. यंत्र आलं म्हणून हात सुटला नाही.

मी मोबाईलवर फोटो दाखवले तेव्हा तात्या म्हणाले, "ह्या जाळ्यात मासो खय गावतलो?" सगळे हसले. मग त्यांनी फोटो मोठा केला, सांधा बघितला आणि म्हणाले, "पण काम बरा केल्यानी हा."

ही पावती द्यायला लागणारी नजर आपल्या गावात आहे. पण ती आता साठीच्या पुढच्या माणसांकडेच उरलीय. पोरं तयार जाळी विकत आणतात, त्यात त्यांची चूक नाही. तुणायला बसून पोट भरत नाही.

कुणी म्हणेल, आपल्याकडे तौक्तेसारखी वादळं येतात. बरोबर. म्हणूनच अभियंता लागेल, गणित लागेल, हंगामात उतरवायची सोय लागेल. खर्चही आहे. बोस्टनएवढं मोठं कुणी मागत नाही. जेट्टीवर एक छोटं जाळं, आपल्या समुद्राच्या भरती-ओहोटीच्या आकड्यांवरून काढलेलं, एवढं तरी?

मागणी साधी आहे. सुशोभीकरणाच्या पुढच्या टेंडरमध्ये एकच अट टाका : कामात गावातले जाळी तुणणारे हात असतील आणि त्यांना कारागिराची मजुरी मिळेल. सोबत जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं घ्या. तात्यांकडून गाठ शिकतील, तात्यांना गणित सांगतील.

नाहीतर नवा डॉल्फिन येईल. मी पुन्हा बातमी करीन. आणि शेडमध्ये पुढच्या बंदीला एक माणूस कमी बसलेला असेल.

पटलं तर आपापल्या वॉर्डाच्या नगरसेवकापर्यंत पोचवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.