शेअरचा सल्ला आणि उसाचे बिल



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की हल्ली घरातल्या पोराच्या मोबाईलवर 'अमुक शेअर घ्या, महिन्यात दुप्पट' असा निरोप येतोच. टीव्हीवरचा टायवाला तज्ज्ञही तेच सांगतो. पण त्याचा स्वतःचा माल कुठे आहे, हे कोण विचारतो?

लातूरच्या अडतीवर आपण विचारतो. 'सोयाबीन ठेवा, भाव वाढेल' म्हणणारा स्वतः विकतोय का, हे तिथे डोळ्यांनी दिसते. टीव्हीत दिसत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सेबीने एका अंतरिम आदेशात नोंदले, की झी बिझनेस वाहिनीवरचे काही पाहुणे तज्ज्ञ आपली शिफारस प्रसारणाआधीच काहीजणांना कळवीत. ते आधी घेऊन ठेवणार, शिफारस ऐकून लोक तुटून पडले की विकून मोकळे! सेबीने 7 कोटी 41 लाख रुपये जप्त करण्याचा आदेश दिला. चढ्या भावाने घेतले कुणी? ऐकणाऱ्यांनी.

सगळेच लबाड, असे आमचे म्हणणे नाही. 2014 च्या नियमांप्रमाणे विश्लेषकाला सेबीकडे नोंदणी करावी लागते आणि त्या शेअरमधला आपला हितसंबंध उघड करावा लागतो. नोंदणी क्रमांक 'आयएनएच' या अक्षरांनी सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावर तो पोराकडून पडताळून घ्या. अर्थात क्रमांक खरा निघाला म्हणून अंदाज खरा ठरतो असे नाही. म्हणून बिलातून आधी सोसायटीचे पीककर्ज, मग बेणे-खत, आणि त्यातूनही काही उरलेच तर शेअरचे बघावे.