हाडें हरवलीं कोणीं ?

वाचकहो, बेवारशी प्रेतापुढें शहाण्यासुरत्यांची अक्कल कशी गहाण पडते हें पहावयाचें असेल, तर विलायतेंतील हॅग्ले रानाची हकीकत ऐका.

तारीख १८ एप्रिल १९४३. वूस्टरशायर परगण्यांतलें हें रान लॉर्ड कॉबहॅम नांवाच्या जमीनदाराचें. चार पोरें पक्ष्यांचीं घरटीं हुडकीत आंत शिरलीं. विच एल्म जातीच्या एका पोकळ झाडावर एक जण चढला, वांकून पाहतो तों कवटी ! जनावराची असेल म्हणून वर काढली, तर तिला माणसाचे केंस आणि वांकडे दांत. पोरांनीं ती होती तेथें परत टाकली आणि कोणाजवळ ब्र काढावयाचा नाहीं असें ठरविलें. भुताच्या भयानें नव्हे. मालकाच्या रानांत परवानगीवांचून शिरलों हें फुटेल म्हणून. मेलेल्याबद्दल तोंड उघडण्यापूर्वीं जिवंत जमीनदाराचा विचार करावा लागतो, हें आमच्या कुळवाडी वाचकांस सांगणें नलगे. अखेर सर्वांत धाकट्याला राहवेना. त्यानें घरीं सांगितलें, म्हणून पोलीस आले.

झाडांतून जवळजवळ सबंध सांगाडा निघाला. एका हाताचीं हाडें थोडीं दूर पडलेलीं. शिवाय लग्नाची सोन्याची अंगठी, एक जोडा, कपड्यांच्या चिंध्या. बर्मिंगहॅमचे प्रोफेसर वेब्स्टर यांनीं तपासून सांगितलें कीं ही बाई सुमारें ३५ वर्षांची, सुमारें ५ फूट उंचीची, मरून निदान दीड वर्ष झालेली. तोंडांत ताफ्त्याचा बोळा. प्रेत एकदां ताठल्यावर त्या अरुंद पोकळींत गेलेंच नसतें; म्हणजे अंग गरम असतांनाच तिला आंत कोंबली. पोलिसांनीं दांतांचें वर्णन दंतवैद्यांकडे फिरविलें, बेपत्ता बायांचीं टिपणें चाळलीं. ते युद्धाचे दिवस. बर्मिंगहॅमवर बाँब पडून घरेंच्या घरें नाहींशीं झालेलीं. नांव लागलें नाहीं. येथवर आम्ही कोणास बोल लावीत नाहीं.

बोल लावतों तो पुढच्या मंडळींस. १९४४ सालीं भिंतींवर खडूनें लिहिलेलें दिसूं लागलें कीं बेलाला झाडांत कोणीं घातली ? बेला हें नांव तिला भिंतीनें दिलें. मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत शिकविलेल्या मार्गारेट मरे या विदुषीनें शोध लाविला कीं, हात वेगळा सांपडला, त्या अर्थीं हा जादूटोणा ! अहो, रानांतलीं जनावरें हाडें ओढून नेतात हें गुराख्याचें पोरही सांगेल. आमच्या गांवचा भगत असें बोलला तर त्याला अडाणी म्हणतात. विद्यापीठांतून बोललें कीं तें संशोधन. आणि झाडाच्या नांवांतल्या ‘विच’ या शब्दाचा चेटकिणीशीं कांहींएक संबंध नाहीं, त्याचा जुना अर्थ लवचीक असा आहे.

दुसरी टोळी म्हणाली, ती जर्मन हेर. १९४१ सालीं लंडनच्या टॉवरांत गोळी घातलेल्या याकोब्स नांवाच्या हेराजवळ क्लारा बाउअर्ले या गाणारणीचा फोटो होता, एवढ्यावर इमारत उभी केली. क्लारा तर चांगली उंचनिंच बाई होती आणि १९४२ च्या डिसेंबरांत बर्लिनमध्यें वारली. पण पुस्तकें निघालीं, नाटकें झालीं. हेर चालेल, चेटकीण चालेल; संसारांतली, कष्टाची, कोणाच्या तरी घरची बाई असेल हें मात्र कोणाला गोड लागेना. तिला कोण तिकीट काढून पाहणार ?

आतां खरी गोष्ट ऐका. तो सांगाडा गेला कोठें ? पत्ता नाहीं. खुनाचा मुद्देमाल, सबंध माणसाचीं हाडें, सरकारी ताब्यांतून नाहींशीं झालीं ! आमच्या शेतकऱ्याची तगाईची पावती हरवली तर त्याला दहा हेलपाटे पडतात. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं १९५७ सालीं खोक्यांत एका लहान मुलाचें प्रेत सांपडलें होतें. त्याची माती नीट जपली, म्हणून डीएनए तपासून २०२२ सालीं, ६५ वर्षांनीं, त्याच्या थडग्याला नांव मिळालें. मारेकरी सांपडलेला नसतांही लेंकराला त्याचें नांव मिळालें. हॅग्लेच्या बाईचा एक दांत जरी हातीं असता तरी तिच्या भाच्यानातवंडांपर्यंत वाट काढतां आली असती.

तेव्हां गोष्टी सांगणाऱ्या विद्वानांस आमचें एवढेंच मागणें आहे : तीं हाडें शेवटीं कोणाच्या ताब्यांत होतीं, तीं कोणीं हलविलीं, आणि नोंद कां ठेविली नाहीं, याचा जाब आधीं मागा. चेटकीण मग पाहूं.