पुढची वेळ कधी?

परवा नातू नागपूरहून आला होता. संगणकाच्या कामातला आहे. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर कसलीशी यादी बघत होता. म्हटलं, "हे काय रे?" तर म्हणाला, "आबाजी, ठरलेल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामांचं वेळापत्रक आहे हे."

लिनक्समध्ये म्हणे 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स' लिहिलं की प्रत्येक कामापुढे चार गोष्टी दिसतात. पुढे कधी होणार, किती वेळ उरला, मागे कधी झालं आणि त्याला किती वेळ लोटला. मशीन बंद असताना वेळ टळली, तर सुरू झाल्यावर ते काम करून घेण्याची सोयही ठेवता येते!

मला एकदम धाकट्या भावाची आठवण झाली. त्याचे उन्हाळी धान असतात. आमच्याकडे शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मागच्या उन्हाळ्यात रात्रीची पाळी होती. साठी उलटलेला माणूस बॅटरी घेऊन धुऱ्यावर बसून राहिला. वीज आली नाही. पहाटे घरी येऊन आडवा झाला, आणि तेव्हा आली! बांधीला भेगा पडल्या त्या पडल्याच.

कुणी म्हणेल, ऑटोस्विच लावा. पण सगळ्यांचे ऑटोस्विच एकाच क्षणी मोटरी सुरू करतात आणि भार ट्रान्सफॉर्मरवर येतो. नातू म्हणाला, टायमरला यासाठी थोडं मागेपुढे व्हायला सांगता येतं.

दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. चांगलंच आहे. पण माझं म्हणणं वेगळं आहे. बिघाड होणारच, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ज्याला थांबायला लावतो, त्याला पुढची वेळ सांगणं हे आपलं देणं लागतं. पाळी चुकली तर ती भरून कधी निघणार, हेही सांगावं.

नातवाने आणखी एक सांगितलं. यादीत मागची वेळ दिसली म्हणजे काम सुरू झालं एवढंच. नीट पार पडलं का, ते नोंदीत पाहावं लागतं. अगदी खरं! कागदावर वीज 'आली' असते, पण दाब इतका कमी की मोटर नुसती गुरगुरते.

शाळेतही वेळापत्रक भिंतीवर असायचं. तास खरंच झाला का, हे मात्र मुलांच्या वह्या सांगायच्या.

असो. आज पुन्हा रात्रपाळी आहे. भाऊ बॅटरी चार्ज करतोय.